तोफेचे वजन आणि बैलाचा खांदा

माळव्यातील मराठ्यांच्या इतिहासाचे स्मरण झाले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम घोडा उभा राहतो. उदाजी व आनंदराव पवारांची धार, तुकोजी व जिवाजी पवारांचे देवास, होळकरांचे महेश्वर आणि इंदूर, या साऱ्या कथा टापांच्या आवाजानेच सुरू होतात. आपल्या घराण्यांतून सांगितल्या जाणाऱ्या आठवणींतही तलवार आहे, भाला आहे, क्वचित तोफही आहे; पण ती तोफ रणात आणली कोणी, याची विचारपूस सहसा होत नाही. तोफ स्वतः चालत नाही. ती ओढावी लागते, आणि ओढणारा व ओझे यांचा मेळ बसला नाही तर उत्तमातली उत्तम तोफही वाटेवरचा धोंडा ठरते. माळव्यात मराठी सत्ता आली कशी आणि दुबळी झाली कशी, याचा एक धागा या मेळात आहे, असे मला वाटते.

हा धागा हाती धरायचा तर धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, नर्मदेच्या बाजूला असलेल्या डहीसारख्या गावापासून सुरुवात करणे सोयीचे. डही निमाडात मोडते. तेथून कुक्षीवरून धारेस निघालेल्या गाडीला विंध्याचा चढ टाळता येत नाही. नर्मदाकाठच्या सखल प्रदेशातून धारेच्या पठारापर्यंत सुमारे चारशे मीटर उंची चढावी लागते. खाली निमाडी बैल, वर माळवी बैल. निमाडी जनावर तांबूस, अंगावर पांढरे डाग असलेले. गीर आणि खिल्लार यांच्या संकरातून ते उतरले असे जाणकार मानतात. माळवी बैल पांढरा-करडा, भरल्या अंगाचा, वाईट रस्त्यावरही ओझे न सोडणारा. ज्याला चढ आणि काळी माती दोन्ही पार करायची, त्याला दोन्ही जनावरांची पारख असावी लागे.

आता थोडे गणित पाहू. चांगला पोसलेला बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर देऊ शकतो. चारशे किलोच्या दोन बैलांची जोडी धरली तर ही ओढ सुमारे ऐंशी किलो होते. कठीण, सपाट वाटेवर गाडीचे चाक हलके फिरते. तेथे एवढ्या ओढीत दीड-दोन टन माल सहज निघतो. पण दहास एक असा चढ लागला की प्रत्येक टनामागे शंभर किलोची ओढ नुसत्या चढापायीच खर्ची पडते, म्हणजे एका जोडीचे सारे बळ एका टनालाही पुरत नाही. पावसात काळी माती धावेला चिकटली, चाक तुंब्यापर्यंत रुतले, की तेच बैल तीन-चारशे किलोपुढे हतबल होतात. जोड्या वाढवाव्यात म्हटले तर लांब रांगेत प्रत्येक नव्या जोडीचे बळ आधीच्या जोडीपेक्षा कमी उपयोगी पडते, आणि घाटाच्या वळणावर ती रांग एका रेषेत ओढूच शकत नाही.

उतार तर त्याहून कठीण. चढावर बैल थकतो, उतारावर मरतो. ओझे मागून ढकलू लागले की जू मानेवर चढते. म्हणून चाके दोरांनी जखडून, मागे माणसे लावून तोफ उतरवावी लागे. शिवाय भार मागे सरकला तर गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे आला तर खांदे सोलून निघतात. जनावराचे वयही पाहावे लागे. चारदाती बैल उमेदीचा पण अजून कच्चा. दात जुळलेला बैल भर ताकदीचा. त्याही पलीकडे गेलेला म्हातारा बैल सपाटीवर नेटाने चालतो, घाटात बसतो. शहाणा गाडीवान बैलाच्या उमेदीच्या दिवसावर ओझे ठरवीत नाही, वाटेतल्या सर्वांत वाईट कोसावर ठरवतो.

हे सारे जुनेपुराणे वाटेल. परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका आप्तांनी मध्यंतरी जुनी पिकअप गाडी घेतली आणि तिच्यामागे जोडायचे फिरते घर शोधू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे हेच प्रश्न होते. गाडी नवी असताना कारखान्याने लिहिलेला ओढीचा आकडा खरा. पण वीस वर्षांनंतर इंजिन, गिअर आणि ब्रेक त्याच तोलाचे राहिलेले नसतात. माणसे व सामान गाडीत बसले की तेवढी क्षमता आधीच वजा होते. जोडणीच्या कडीवर मागच्या घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार यावा लागतो. कमी आला तर मागचे घर डोलू लागते, म्हणजे आपल्या भाषेत उलाळ होते. फिरत्या घराला स्वतःचे ब्रेक हवेत, ही तिकडची अट म्हणजे आपल्या घाटातील दोरच होय.

आता इतिहासाकडे वळू. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला बाजीरावांचा पाठलाग करण्यासाठी निजामाने जड तोफखाना मागे ठेवला, आणि तोफांवाचून तो पाण्याविना कोंडला गेला. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला आपल्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी अप्पांनी गिरिधर बहादूर व दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणात पडले. नर्मदा ओलांडून हे सैन्य घाट चढून लढाईला भिडले ते काही दिवसांतच, घोडदळाच्या वेगावर. नऊ वर्षांनी भोपाळच्या मोहिमेत निजामाने तोफा सोडल्या नाहीत. त्या तोफांच्या आडोशाने तो वाचला खरा, पण त्यांच्याच पायी मुंगीच्या पावलाने सरकत राहिला. मराठ्यांनी दाणावैरण तोडली आणि जानेवारी 1738 मध्ये दुराहा सराईला त्याला तह करावा लागला. पालखेडला तोफा सोबत नव्हत्या म्हणून, भोपाळला होत्या म्हणून! या दोन्ही प्रसंगी मराठ्यांचे ओझे त्यांच्या ओढणाऱ्याच्या बेताचे होते, निजामाचे नव्हते.

पुढे हा बेत सुटला. पानिपतावर जाताना जड तोफा व कुटुंबकबिला मागे ठेवावा असा सल्ला मल्हारराव होळकर व सुरजमल जाट यांनी दिल्याचे सांगतात. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी 14 जानेवारी 1761 रोजी रोहिल्यांची दाणादाण केली, हे खरेच. पण फळी पुढे सरकली तेव्हा जड तोफा तिच्याबरोबर सरकू शकल्या नाहीत, आणि अब्दालीच्या उंटांवरच्या हलक्या जंबुरका हव्या तेथे फिरत राहिल्या. उंटाने पाठीवर वाहिलेली लहान तोफ हा ओझे व वाहक यांचा पूर्ण मेळ होता.

महादजी शिंद्यांच्या काळात द बॉइनच्या कंपूंसाठी आग्र्याला सँगस्टरने ओतलेल्या तोफा युरोपीय तोफांच्या तोडीच्या होत्या, हे शत्रूनेही मान्य केले. 23 सप्टेंबर 1803 ला असईच्या रणात या तोफांनी वेलस्लीचे तोफांचे बैल मारले, आणि त्याला आपल्या तोफा मागे टाकून संगिनींवर पुढे जावे लागले. तरीही दिवस मावळताना शंभराच्या आसपास तोफा त्याच्या हाती पडल्या, कारण हरलेल्या रणातून तोफा काढून नेणे पळण्याहून अवघड असते. वेलस्लीला बैलांची किंमत ठाऊक होती. म्हैसूरच्या वाडियारांनी सुरू केलेली, हैदराने वाढवलेली आणि टिपूने ‘अमृतमहाल’ असे नाव दिलेली जनावरांची संस्था त्याने 1799 नंतर जवळून पाहिली होती. चांगली पैदास, ठरलेली कुरणे, वयाप्रमाणे निवड; तोफखान्याची अर्धी ताकद तेथे घडत होती. तरी त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला अडगावला पहिल्या गोळ्यांच्या आवाजाने इंग्रजांचेच तोफांचे बैल बिथरून पायदळात घुसले. जनावर शेवटी जनावर.

1804 चा पावसाळा मात्र आपल्या मातीचा. कर्नल मॉन्सन हिंगळाजगड घेऊन माळव्यात शिरला होता. यशवंतराव होळकर चंबळ उतरत आहेत असे कळताच तो जुलैत मुकुंदऱ्याकडे परतला. कोट्यापलीकडे पावसाने गाठले. तोफा इतक्या रुतल्या की बैलांना त्या हलेनात. इंग्रजांनी त्यांच्या बत्तीच्या छिद्रांत खिळे ठोकले, दारू नष्ट केली आणि त्या तेथेच सोडल्या. ऑगस्टअखेर आग्र्याला पोहोचले ते त्या फौजेचे अवशेष. यशवंतरावांचे शौर्य कमी लेखण्याचा हेतू नाही. पण त्या चिखलाला त्यांच्याइतका मान कोणी दिलेला नाही.

आणि तीन महिन्यांत तोच पेच यशवंतरावांवर उलटला. घोडदळ दुआबात, तोफा व पायदळ डीगला, अशी फौज दुभंगली, कारण दोहोंची चाल एक नव्हती. 13 नोव्हेंबरला डीगला तोफा गेल्या. 17 नोव्हेंबरला वेगाने आलेल्या लेकने फर्रुखाबादेस घोडदळ गाठले. पुढे 21 डिसेंबर 1817 ला महिदपुरी क्षिप्रेकाठी होळकरांच्या तोफांनी इंग्रजांच्या हलक्या तोफा गप्प केल्या, गोलंदाज तोफेशीच मेले, आणि साठांहून अधिक तोफा जागच्या जागी शत्रूच्या झाल्या.

किती तोफा गेल्या हे प्रत्येक ग्रंथ सांगतो. त्यांना किती बैल होते, कोणत्या जातीचे, त्यांची वैरण कोठून येई, हे क्वचितच कोणी सांगतो. धार, देवास, इंदूर, महेश्वर येथील आपल्या जुन्या घरांतून अजून मोडीची दप्तरे आहेत. सनदा व वंशावळी तेवढ्या जपून बाकीचे कागद रद्दीत दिले जातात. त्या ‘बाकीच्या’ कागदांत सरकी-पेंडीचे हिशेब, चरमाची खरेदी, गाडीवानांची रोजमुरे, मेलेल्या बैलांच्या नोंदी असण्याचा संभव आहे. अशी दप्तरे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती टाकण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवावीत, आणि दाखवताना तलवारीचे पान आधी न उघडता वैरणीचे उघडावे.