मानसिक आजाराचा कलंक : कायदा, भिंती आणि माणसे

स्किझोफ्रेनिया अनेकदा वर्षानुवर्षे सोबत राहतो. मधुमेहही तसाच राहतो. पण मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो आणि मनाच्या आजाराची लपवून घेतो. हा फरक कुठून आला? केवळ अंधश्रद्धेतून, हे उत्तर अपुरे आहे. कायद्यानेही तो घट्ट केला.

ब्रिटिश सरकारने १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. पुढे १९१२ चा 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट' आला. 'ल्यूनसी' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला चंद्र आहे. चंद्रामुळे वेड लागते, ही जुनी समजूत. या कायद्यात रुग्णाला दाखल करण्याचा मुख्य मार्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जाई. आजारी माणसाला कोर्टाच्या हुकमाने नेले, की शेजाऱ्यांच्या नजरेत तो आरोपीच ठरणार. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा टिकला. त्याच्या जागी आणलेला १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो १९९३ मध्ये.

मात्र कायदा जुना असतानाही वेगळे काही घडू शकत होते. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिले. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, काळजी कशी घ्यायची ते शिकले. रुग्णाचा घराशी संबंध तुटला नाही, म्हणून परतीची वाटही खुली राहिली.

ही वाट बंद झाली की काय होते, ते ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच स्थान दिले. तरीही हिंदू विवाह कायद्यात गंभीर मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहेच. मग लग्नाच्या बोलणीत कुटुंबे निदान का लपवतात, याचे आश्चर्य वाटू नये. लपवण्यापायी औषधे चुकतात आणि आजार बळावतो.

विचारासाठी प्रश्न : वसतिगृहातला तुमचा सोबती उपचार घेऊन सहा महिन्यांनी परत आला, तर तुम्ही त्याच्याशी पहिले वाक्य काय बोलाल? आणि त्याच्या पाठीमागे कोणता शब्द वापराल?