घ्यावे की थांबावे: टिफ्रॅक, सीडीसी ३६०० आणि परम

लॅपटॉपची सुधारित आवृत्ती बाजारात येते तेव्हा बाहेरून बहुधा काहीच बदललेले नसते. तेच कवच, तोच पडदा, तोच कळफलक. आत प्रोसेसरची पुढची पिढी आणि किमतीत थोडी वाढ. प्रबंधासाठी आकडेमोड करणारा विद्यार्थी दुकानात उभा राहून जो हिशेब मांडतो, तो सर्वांच्या ओळखीचा आहे. आज घेतला तर सहा महिन्यांत याहून चांगला येईल. थांबले तर सहा महिने जुन्या यंत्रावर काढावे लागतील, आणि त्यानंतरही हाच प्रश्न पुन्हा दारात उभा असेल. हा पेच मात्र लॅपटॉपपेक्षा पुष्कळ जुना आहे. भारतीय विज्ञानाला तो १९५० च्या दशकातच भेटला, आणि त्याची सर्वांत बोलकी उदाहरणे मुंबईत आणि पुण्यात सापडतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन रुजू झाले. अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवून ते परतले होते. होमी भाभांच्या या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञांपुढे हातांनी न उरकणाऱ्या गणितांचा ढीग साचू लागला होता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तोपर्यंत सरळ मार्ग निवडला होता. तिने ब्रिटनमधून हेक-२एम हा संगणक विकत आणला. मुंबईच्या गटाने संगणक बांधायचे ठरवले. संगणक बांधण्याचा पूर्वानुभव या तरुण गटाकडे नव्हता. त्यामुळे आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र उभारण्यात आले; ते १९५६ मध्ये चालू लागले. मग मोठ्या यंत्राचे काम सुरू झाले. जुळणी १९५९ च्या आरंभी पूर्ण झाली आणि फेब्रुवारी १९६० मध्ये यंत्र कामाला लागले. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले: टिफ्रॅक.

सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक अशी त्याची घडण होती. स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, तारांत ओवलेली. ४० बिटांचे २,०४८ शब्द तीत मावत. आजच्या मापात हे साधारण दहा किलोबाइट होतात. मोबाइलवरून पाठवलेले एखादे लहानसे छायाचित्रही त्यात बसणार नाही. परिणाम पाहण्यासाठी ऋणकिरण नलिकेचा पडदा जोडलेला होता, ही त्या काळी कौतुकाची गोष्ट होती.

आता अडचणीची बाजू. टिफ्रॅकची जुळणी होत होती त्याच वर्षी, १९५९ मध्ये, आयबीएमने १४०१ आणि ७०९० ही ट्रान्झिस्टरवर चालणारी यंत्रे बाहेर काढली. म्हणजे मुंबईचे यंत्र कामाला लागले त्याच दिवशी ते एका पिढीने जुने होते. नलिका तापतात, जळतात, बदलाव्या लागतात. ट्रान्झिस्टरला त्यांतले काही नको. केवळ वेगाचा आणि विश्वासार्हतेचा ताळेबंद मांडणारा कोणीही म्हणेल, पाच वर्षे थांबून तयार यंत्रच घ्यायला हवे होते.

हा ताळेबंद बरोबर आहे, पण त्यात एक खाते राहून जाते. १९६० साली बाजारात उत्तम यंत्र उपलब्ध असणे आणि ते यंत्र देशात वापरू शकणारी माणसे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी कड्या ओवल्या, सर्किटे तपासली, यंत्राला समजेल अशा आज्ञा लिहिल्या, ती माणसे थांबण्यातून तयार झाली नसती. परकीय चलनाची तंगीही १९५७–५८ मध्ये इतकी तीव्र होती की ‘नंतर विकत घेऊ’ हे वाक्य म्हणजे बऱ्याचदा ‘कधीच नाही’ याचे सभ्य रूप ठरे. टिफ्रॅक जुना झाला. त्याने घडवलेले हात जुने झाले नाहीत. ते लगेच पुढच्या निर्णयाच्या वेळी उपयोगी पडले.

हा पुढचा निर्णय १९६४ चा. या वेळी संस्थेने विकत घेण्याचा मार्ग धरला आणि अमेरिकेतील कंट्रोल डेटा कॉर्पोरेशनचा सीडीसी ३६०० हा संगणक मुंबईत आणला. ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द, म्हणजे १९२ किलोबाइटची स्मृती. टिफ्रॅकच्या जवळपास वीसपट. आणि नेमके हेच वर्ष संगणकाच्या इतिहासात थांबण्यासाठी सर्वांत मोहक होते. त्या एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही संपूर्ण नवी मालिका जाहीर केली. लहान यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम त्याच मालिकेतल्या मोठ्या यंत्रावर चालेल, असे तिचे आश्वासन होते, आणि असे यापूर्वी कोणी छातीठोकपणे सांगितले नव्हते. दुसरीकडे खुद्द कंट्रोल डेटाच सीमोर क्रे यांनी रचलेला ६६०० हा संगणक आणत होती. जगातला सर्वांत वेगवान संगणक म्हणून तो पुढची काही वर्षे मिरवणार होता. दुकानदार जुने मॉडेल बांधून देत असताना त्याच्या मागच्या फळीवर नवे मॉडेल दिसावे, तशी ही अवस्था होती.

मुंबईने तरी ३६०० घेतला. थांबणाऱ्यांच्या वाट्याला काय आले हे पाहिले की या निर्णयाचे मोल कळते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ६६०० ची अगदी सुरुवातीची एक प्रत १९६५ च्या आरंभी पोहोचली. यंत्रातील दोष आणि अपुरे सॉफ्टवेअर यांनी तिथल्या शास्त्रज्ञांना दीर्घकाळ छळले, आणि मध्यंतरी काम अडू नये म्हणून ३००० मालिकेतीलच यंत्रे आणावी लागली. सिस्टिम/३६० ची संचालन प्रणाली इतकी रखडली की तो प्रकल्प सांभाळणारे फ्रेड ब्रूक्स यांनी पुढे त्या अनुभवावर लिहिलेला ग्रंथ सॉफ्टवेअर व्यवस्थापनाचा आद्यग्रंथ मानला जातो. नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षाची किंमत पावतीवर छापलेली नसते. जुळलेले, तपासलेले, सर्व खोडी माहीत असलेले मॉडेल या दृष्टीने अनेकदा स्वस्त पडते.

३६०० केवळ एका संस्थेपुरता राहिला नाही. देशातल्या विद्यापीठांतून आणि प्रयोगशाळांतून संशोधक आपली गणिते घेऊन मुंबईला येऊ लागले. फोरट्रान भाषेचे छोटे अभ्यासक्रम चालवले गेले. एका यंत्राभोवती वापरकर्त्यांची एक पिढी उभी राहिली. एक-दोन वर्षे अधिक चांगल्या यंत्राची वाट पाहिली असती तर संशोधकांच्या प्रश्नांची तेवढी वर्षे गेली असती, आणि प्रबंध लिहिणाऱ्याच्या आयुष्यात दोन वर्षे फार मोठी असतात.

म्हणून जुने यंत्र घेणे नेहमीच शहाणपणाचे, असा निष्कर्ष काढायला हा इतिहास मुभा देत नाही. त्याच दशकात आयबीएम १४०१ हे यंत्र भारतीय कंपन्यांत आणि कचेऱ्यांत पसरले. त्याची सुरुवातही मुंबईत एस्सो या तेल कंपनीपासून झाली. पुढे परदेशात वापरून झालेली यंत्रे आणायची, मुंबईतल्या कारखान्यात त्यांची डागडुजी करायची आणि ती भाड्याने द्यायची, अशी रीत पडली. अमेरिकेत या यंत्राची विक्री थांबल्यावरही इथे भाडे चालूच होते, आणि १९७० च्या दशकात संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर टीका केली. विदेशी भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणण्याच्या अटीवरून आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला व्यवसाय आवरला. ३६०० आणि हे १४०१, दोन्ही ‘मागची’ यंत्रे. एक मागच्या वर्षीचे होते, दुसरे मागच्या पिढीचे. एकावर माणसे शिकून पुढे गेली, दुसऱ्याच्या भाड्यात अडकून राहिली. सवलतीतला लॅपटॉप पाहताना हा फरक तपासण्याजोगा आहे.

थांबण्याला गणिती आधार आहे का? आहे, आणि तो मजेशीर आहे. ॲरिझोना विद्यापीठातील काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अर्ध्या विनोदाने हा हिशेब मांडला. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असे धरा. आजच्या यंत्रावर एखाद्या गणनेला लागणारा काळ ठाऊक आहे. आता सुरुवात करावी, की काही महिने समुद्रकिनारी घालवून मग नवे यंत्र घेऊन सुरुवात करावी? उत्तर निघते ते असे: १८ ला २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने भागले की सुमारे २६ महिने येतात. गणना याहून लहान असेल तर थांबण्यात नेहमी तोटा. मोठी असेल तर थांबणे फायद्याचे, पण किती? ४० महिन्यांची गणना असेल तर ११ महिने थांबायचे, मग नव्या यंत्रावर २६ महिने काम करायचे, एकूण ३७. म्हणजे जवळपास वर्षभर हातावर हात ठेवून मिळकत तीन महिन्यांची. शिवाय दर १८ महिन्यांनी वेग दुप्पट होण्याचे दिवस केव्हाच सरले आहेत. दुप्पट व्हायला पाच वर्षे लागत असतील तर ही सीमा २६ महिन्यांवरून सुमारे ८७ महिन्यांवर जाते. इतकी लांब गणना लॅपटॉपवर कोणताही विद्यार्थी करत नाही.

या सूत्रात एक गृहीतक दडलेले आहे: पुढचे यंत्र वेळेवर येईल. पुण्याला याचा निराळा अनुभव आला.

१९८० च्या दशकात मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेशी दीर्घ वाटाघाटी झाल्या. मागितले त्याहून कमी शक्तीचे, एकाच प्रोसेसरचे क्रे एक्स-एमपी/१४ मिळाले आणि १९८९ मध्ये दिल्लीत ते कामाला लागले. क्रे कंपनीचे वाय-एमपी हे पुढचे मॉडेल त्याआधीच, १९८८ मध्ये, बाजारात आले होते. तरीही पावसाची वाट पाहणाऱ्या देशाला अंदाज देणारे मागचे यंत्र हे न मिळालेल्या पुढच्या यंत्राहून उपयोगाचेच होते. त्याच १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. स्वदेशी महासंगणकासाठी तीन वर्षांची मुदत होती.

वापरायचे काय, हा पुन्हा तोच प्रश्न. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० हा ट्रान्सप्युटर हाताशी होता. शेजारच्या चिपांशी थेट बोलण्याची सोय त्यात अंगभूत असल्याने अनेक चिपा जोडून एकच काम वाटून करणे सोपे जाई. त्याचा वारस टी-९००० दहापट वेगाचे वचन देत येऊ घातला होता. सी-डॅकने हाती असलेल्या चिपा जोडल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला; ६४ चिपांच्या त्या यंत्राची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिती क्रियांची होती.

टी-९००० रखडत राहिला. आला तेव्हा ठरलेला वेग त्याला गाठता आला नाही, आणि तोवर जग पुढे गेले होते. सी-डॅकने पुढच्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय-८६० प्रोसेसर जोडला. १९९४ च्या परम ९००० मध्ये तर रचनाच सुट्या भागांची ठेवली, नवा प्रोसेसर आला की तो बसवता यावा म्हणून. आजच्या बहुतेक पातळ लॅपटॉपांत प्रोसेसर आणि स्मृती दोन्ही फलकावर कायमच्या जोडलेल्या असतात. त्यामुळे विद्यार्थ्याला मॉडेलच्या वर्षापेक्षा आधी पाहावे लागते ते एवढेच, की खरेदीच्या दिवशीची स्मृती प्रबंध पूर्ण होईपर्यंत पुरेल का; आणि प्रबंध कधी सादर करायचा आहे.