कपाआधीचा कप

स्लाऊ या नावाचा अर्थच मुळी चिखल. 1195 सालच्या नोंदीत हे गाव ‘स्लो’ म्हणून भेटतं. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या वस्तीचा पहिला मोठा धंदाही मातीचाच होता. सहाव्या हेन्री राजानं 1440 मध्ये शेजारच्या ईटनला शाळा काढली, आणि दोन वर्षांनी तिच्या भिंतींसाठी स्लाऊच्या भट्ट्यांतून विटा जाऊ लागल्या. दहाएक वर्षांत सुमारे 25 लाख विटा गेल्या.

वीट पाडायला लागतं काय? लाकडाची चौकट, मळलेली माती आणि सरावलेला हात. माती थापायची, वरची कड निपटायची, चौकट उचलायची. साच्याची सगळी विद्या चार फळ्यांत मावते.

कपाचं तसं नाही. त्याला गोल पोट असतं, बाहेर झुकलेली कड असते, शिवाय कान असतो. किटलीला तोटी असते आणि झाकणही. असं भांडं एकाच घडणीचं शेकड्यांनी काढायचं, तर आधी कुणाला तरी तो आकार हातानं घडवावा लागतो. इंग्लंडमध्ये ही कला पिकली ती स्लाऊच्या बरीच उत्तरेला, स्टॅफर्डशर परगण्यातल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या सहा गावांत. त्या मुलखाला आजही ‘पॉटरीज’ असंच म्हणतात.

तिथले जुने कारागीर अॅलाबास्टरचा मऊ दगड कोरून मूळ आकार करत. अठराव्या शतकातला एरन वूड हा अशा कोरीव ठोकळ्यांसाठी नावाजलेला होता. मग 1745 च्या आसपास कोब्रिजचा राल्फ डॅनियल फ्रान्सला गेला आणि प्लास्टरच्या साच्याची युक्ती शिकून आला, असं सिमियन शॉ यानं 1829 मध्ये छापलेल्या इतिहासात नोंदवलं आहे. युक्ती साधी होती, पण तिनं धंदा पालटला. जिप्सम सुमारे 150 अंशांवर भाजलं की त्यात बांधलेलं पाऊण पाणी निघून जातं. त्या भुकटीत पुन्हा पाणी कालवलं की ती काही मिनिटांत गरम होत दगडासारखी घट्ट बसते, आणि सुकल्यावर पाणी शोषायला आसुसलेली राहते. अशा साच्यात पातळ मातीचा घोळ ओतला की साचा त्यातलं पाणी पितो आणि भिंतीला मातीचा थर धरतो. हवी तेवढी जाडी आली की उरलेला घोळ ओतून टाकायचा. थर सुकताना आक्रसतो आणि आपणहून साच्यापासून सुटतो.

पण साचा कशावरून काढायचा? त्यासाठी मॉडेलर लागतो. फिरत्या चाकावर प्लास्टरचा गोळा बसवून तो धारदार हत्यारानं कपाचं अंग तासतो. कान वेगळा कोरतो. बोट आत किती जाईल, भरलेला कप उचलताना तोल कुठं पडेल, हे सगळं त्या पांढऱ्या तुकड्यात ठरतं. त्यात मापाचा हिशेब आलाच. हाडांची राख घातलेली बोन चायना सुकताना आणि भाजताना साधारण एक अष्टमांशानं आक्रसते. म्हणजे आठ सेंटीमीटरचा कप हवा, तर मॉडेल नऊच्या वर घ्यावं लागतं. कानाच्या ओढीनं भट्टीत कपाची कड अंडाकृती होऊ पाहते, तेही आधीच धरून चालायचं.

मॉडेलवर साबणाचा हात फिरवून पहिला साचा काढतात. त्यावरून पुन्हा उठावाचा साचा, आणि त्यावरून रोजच्या कामाचे साचे. रोजचा साचा ओल्या मातीनं झिजतो, नक्षी बोथट होते, तो टाकून नवा करावा लागतो. साच्याचे भाग किती करायचे, याची अडचण मोदकाचा साचा वापरणाऱ्याला सांगावी लागत नाही: उघडताना एकही पाकळी अडकता कामा नये.

एवढं करून मॉडेलरच्या वाट्याला नाव फारसं आलं नाही. विल्यम हॅकवुड 1769 पासून साठएक वर्षं जोसाया वेजवुडच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. 1787 चं साखळदंडातल्या गुलामाचं प्रसिद्ध पदक त्यानंच घडवल्याचं मानतात. दहा वर्षं आधी त्यानं काही मस्तकांच्या खांद्याखाली हळूच स्वतःचं नाव कोरलं. वेजवुडच्या ते ध्यानात आलं. हा प्रकार पुन्हा होऊ द्यायचा नाही, असं त्यानं भागीदाराला कळवलं. हॅकवुड दुखावेल अशी धास्तीही त्याच पत्रात आहे. गिऱ्हाईक बशी उलटी करून शिक्का पाही, तो मालकाचा. वेजवुडच्या थोरपणाबद्दल वाद नाही, पण खांद्याखालचं ते चोरटं नाव वाचताना मन हॅकवुडकडेच ओढलं जातं.

याच मुलखात काम शिकलेला एक माणूस पुढं मुंबईला आला. जॉन लॉकवुड किपलिंग तरुणपणी त्या सहा गावांपैकी बर्स्लेमच्या पिंडर, बोर्न या भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. 1863 मध्ये स्टॅफर्डशरमधल्याच रडयार्ड तळ्याकाठी त्याची अॅलिसशी भेट झाली. 1865 मध्ये लग्न करून तो जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्प शिकवायला मुंबईत उतरला. त्याच वर्षाच्या शेवटी मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी तळ्यावरून ठेवलं. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, दारांवरची उठावशिल्पं लॉकवुडची. आंब्याच्या पेट्या आजही त्यांच्याखालून आत जातात.

लॉकवुड 1875 मध्ये लाहोरला गेला. इकडे मुंबईच्या कलाशाळेत टेरी नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली कुंभारकाम वाढलं आणि अजिंठ्याची नक्षी फुलदाण्यांवर उतरली. स्टॅफर्डशरमध्ये प्लास्टर कायम मधल्या पायरीचंच राहिलं होतं. त्यातला कप भट्टीत गेला नाही, टेबलावर आला नाही. मुंबईच्या या शाळेत मात्र 1896 मध्ये गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्यानं पूजेला निघालेली मराठमोळी तरुणी प्लास्टरमध्येच उभी केली. तिचं नाव ‘मंदिरपथगामिनी’, आणि त्या नावाबरोबर तिच्या कर्त्याचं नावही लोकांच्या तोंडी झालं.