नऊ सेंटांचं दूध आणि फुकटचा पाव

गेल्या खेपेला आपण ‘रास्त किंमत’ या कल्पनेचा विचार केला. आज तिची कोर्टात कशी परीक्षा झाली ते पाहू.

1933 साल. अमेरिका महामंदीत सापडलेली. न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याला दुधाचा उत्पादनखर्चही सुटत नव्हता. दूध नासतं, गाय रोज पिळावीच लागते. त्यामुळे भाव पडला म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. संप झाले, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. शेवटी विधिमंडळाने दूध नियंत्रण मंडळ नेमलं आणि मंडळाने दुकानातल्या एका क्वार्टचा, म्हणजे जवळजवळ एका लिटरचा, किमान भाव 9 सेंट ठरवला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारने भाव ठरवला म्हटलं की आपल्याला वाटतं, महागाईला लगाम घातला. इथे उलट होतं. यापेक्षा स्वस्त विकायला बंदी होती.

रोचेस्टर शहरात लिओ नेबिया नावाचा वाणी होता. त्याने दोन क्वार्ट दूध आणि 5 सेंटांचा पाव मिळून 18 सेंट घेतले. आता हिशोब करा. दुधाचेच 18 होतात, म्हणजे पाव फुकट. आडमार्गाने दूध स्वस्त विकलं म्हणून त्याला 5 डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

5 मार्च 1934 रोजी निकाल लागला, पाच विरुद्ध चार. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: लोकहितासाठी राज्याला धंद्याचं नियमन करता येतं, आणि किंमत हा प्रांत काही त्यातून वगळलेला नाही. शेतकरी मोडला तर शहराचा दूधपुरवठाही धोक्यात येईल, हाही त्यामागचा विचार होता.

विरोधी मत मॅक्‌रेनॉल्ड्स यांचं. एरवी हा माणूस फार सनातनी; पण इथे त्याने गरीब गिऱ्हाइकाची बाजू मांडली. दूध मुबलक आहे, दुकानदार कमी पैशात द्यायला राजी आहे, तरी ज्याच्या खिशात 9 सेंट नाहीत त्याच्या मुलाला ते मिळणार नाही, हे कसं? शिवाय दुकानात भाव वाढला म्हणून तो पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचेलच कशावरून?

मला रॉबर्ट्स यांचा निकाल बरोबर वाटतो, पण मॅक्‌रेनॉल्ड्स यांच्या प्रश्नाला त्यात पुरेसं उत्तर नाही. राज्याला अधिकार आहे, हे ठरलं. ओझं कुणी उचलायचं, हे राहिलं.

पुढे 1937 च्या कायद्याखाली केंद्र सरकारच्या व्यवस्थेत, दूध-कंपनीने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव ठरू लागला. पिण्याच्या दुधाला जास्त, लोणी-चीजच्या दुधाला कमी. म्हणजे भार पुन्हा पिणाऱ्यावरच. फक्त दुकानातल्या पाटीवर तो दिसेनासा झाला. ज्या घरात पोरं जास्त आणि मिळकत कमी, तिथे तो सगळ्यात जड.

दुसरा मार्ग तिजोरीचा. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, तो हा मार्ग. त्यातही अडचणी आहेतच; पण तिथे खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर भांडता येतं. शेतकऱ्याला जगवणं हे सगळ्या समाजाचं कर्तव्य मानायचं, तर त्याचं बिल एकट्या दूध घेणाऱ्याच्या नावावर फाडू नये, एवढंच माझं म्हणणं.