हात लावायचा की नाही? डोक्यातल्या एका गुंत्याची गोष्ट

आजची गोष्ट डोक्यातल्या एका गुंत्याची.

धमनीतलं रक्त जोरात येतं. केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यात तो जोर मोडतो, मग रक्त शिरेत उतरतं. काही जणांमध्ये एखाद्या ठिकाणी हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात. या गुंत्याला म्हणतात एव्हीएम. तो टाळूच्या कातडीखाली असेल तर बोटाला ठोके जाणवतात. मेंदूत असेल तर कित्येकदा फुटेपर्यंत पत्ताच लागत नाही.

१९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या. पण दिसणं वेगळं आणि काढणं वेगळं. १९२८ मध्ये अमेरिकेतले कुशिंग आणि डँडी, दोघंही मोठे सर्जन, थोडक्यात हेच सांगत होते: शक्यतो हात लावू नका.

१९३२ मध्ये स्टॉकहोमला ओलिवेक्रोना यांनी अख्खा गुंता काढून दाखवला. यातली मेख क्रमात आहे. रक्त आणणाऱ्या धमन्या आधी बांधायच्या, शीर शेवटी. उलटं केलं तर रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि गुंता फुगून फुटतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती १९६० ची. अमेरिकेत ल्यूसेनहॉप आणि स्पेन्स यांनी मानेतल्या धमनीतून प्लास्टिकचे बारीक गोळे सोडले. ओढ गुंत्याकडेच जास्त, त्यामुळे गोळे वाहत तिकडेच जाणार आणि वाट बुजवणार! १९७० मध्ये पुन्हा स्टॉकहोमलाच या गुंत्यावर गॅमा नाइफ वापरलं गेलं. कवटी न उघडता किरणांचा मारा. पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर फुटायची भीती राहतेच.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही ना! अरुबा नावाच्या चाचणीत न फुटलेले गुंते असलेल्या २२३ जणांचा हिशोब २०१४ मध्ये आला. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात झाला, नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना आणि गुंत्यावर उपचार केलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना. यावर बरेच सर्जन म्हणाले, ३३ महिने म्हणजे किती? पंचविशीतल्या पोराला पुढची पन्नास वर्षं काढायचीत.

मला दोन्ही बाजू पटतात, अडचण तीच आहे. उपचाराचा धोका आज एकदम समोर येतो, न करण्याचा धोका दरवर्षी थोडा थोडा साठतो. म्हणून गुंता कुठे आहे, केवढा आहे, आधी फुटलाय का आणि माणसाचं वय काय, हे बघूनच ठरवतात.

नव्वदहून जास्त वर्षांत हत्यारं बदलली. कुशिंग यांच्यापुढचा प्रश्न मात्र अजून डॉक्टरांच्या टेबलावर आहे.

भेटू पुढच्या भागात!