गांजा, जॅझ आणि श्रवणाची साक्ष : अमेरिकेतील १९४४ च्या दोन चाचण्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नशेच्या अमलाखाली संगीत अधिक स्पष्ट व अधिक खोलवर ऐकू येते, असे सांगणारे लोक अनेक काळांत व अनेक देशांत आढळतात. फ्रेंच साहित्यिक थिओफिल गोतिए यांनी १८४३ मध्ये हशीशच्या अमलाखाली आपणांस रंगांचे आवाज ऐकू आल्याचे नमूद केले होते. अशी साक्ष नेमकी कशाची मानावी? ध्वनीची, कानाची, की ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीची? प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील जॅझ संगीत व गांजा यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

अमेरिकेत १९३७ मध्ये गांजावरील कराचा केंद्रीय कायदा संमत झाला आणि त्याचा वापर व्यवहारतः गुन्हा ठरला. अमली पदार्थ विभागाचे प्रमुख हॅरी अँसलिंगर यांचा जॅझ वादकांवर विशेष रोष होता. दुसऱ्या बाजूस क्लॅरिनेटवादक मेझ मेझरो यांनी १९४६ च्या आत्मचरित्रात गांजा ओढल्यानंतर स्वतःच्या वाद्याचा नाद जणू डोक्याच्या आतच घुमत असल्याचा अनुभव वर्णिला. त्यांनी १९४० नंतर याच कारणास्तव न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड व हार्ट आयलंड येथे कारावासही भोगला. शासन आणि वादक हे परस्परांचे विरोधक होते. तथापि गांजा माणसाचे संगीत मुळातून बदलतो, हे गृहीतक उभयतांना मान्य होते. ते तपासून पाहण्याची गरज कोणत्याच पक्षास भासली नाही.

मोजमापाचे साधन :

हे गृहीतक तपासण्याचे साधन मात्र उपलब्ध होते. आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी १९१९ मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्यांवर संगीतक्षमतेच्या चाचण्या तयार केल्या होत्या. दोन स्वरांपैकी दुसरा उंच की खालचा, कोणता आवाज मोठा, स्वरमालिकेत कोणता स्वर बदलला, असे प्रश्न त्यांत असत. उत्तर बरोबर असे किंवा चूक. आवडीनिवडीला तेथे वाव नव्हता. थोडक्यात, आपण ज्याला ‘तयार कान’ म्हणतो, त्याचा काही अंश आकड्यांत मांडण्याचा तो प्रयत्न होता.

दोन चाचण्या :

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या विनंतीवरून वैद्यकीय अकादमीने नेमलेल्या समितीचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासात ७७ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी ७२ जण बंदी होते; त्यांत रायकर्स आयलंड व हार्ट आयलंड, म्हणजे मेझरो ज्या तुरुंगांत होते, तेथील बंदींचाही समावेश होता. गांजामुळे श्रवणाची तीक्ष्णता वाढत नाही आणि निदान संगीतकार नसलेल्यांची संगीतक्षमता सुधारत नाही, असा या अहवालाचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी सी. नाइट ऑल्ड्रिच यांनी गांजासदृश कृत्रिम द्रव्य देऊन सीशोर चाचणी घेतली. गुण वाढले नाहीत; मात्र आपली कामगिरी अधिक चांगली झाली, असे बहुतेकांना वाटले. हा विरोधाभास प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे.

विश्लेषण :

या विरोधाभासावर समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांच्या १९५३ च्या निबंधाने प्रकाश पडतो. स्वतः पियानोवादक असलेल्या बेकर यांनी ५० मुलाखतींच्या आधारे दाखविले की, गांजाचा परिणाम ओळखणे आणि तो सुखद मानणे या गोष्टी माणूस सोबत्यांकडून शिकतो. म्हणजेच ‘आता अधिक चांगले ऐकू येते’ या जाणिवेमागे द्रव्याबरोबर संगतीचाही वाटा असू शकतो.

तथापि या चाचण्यांच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. दोन स्वरांतील फरक ओळखणे म्हणजे संगीताचा आस्वाद नव्हे. शिवाय बंदिवानांनी दिलेली संमती कितपत मुक्त होती, हा प्रश्न आजच्या वाचकाला टाळता येणार नाही. म्हणून मेझरो खोटे बोलले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांचा अनुभव खराच होता. मात्र त्यावरून कान अधिक तीक्ष्ण झाला, असे अनुमान काढता येत नाही.

निष्कर्ष :

पुराव्याने मत बदलतेच असे नाही, हेही या प्रकरणातून दिसते. अँसलिंगर यांनी ला गार्डिया अहवालावर टीकाच केली आणि १९५१ च्या बॉग्ज कायद्याने शिक्षा अधिक कठोर झाल्या. इतिहासाच्या अध्यापकांच्या दृष्टीने यातील बोध पद्धतिशास्त्रीय आहे. मौखिक साधने गोळा करताना निवेदकाच्या स्वरातील खात्री आपणांसही भारावून टाकते. परंतु खात्री हा अचूकतेचा पुरावा नव्हे. साक्षीदाराचा आदर राखून त्याचा अनुभव आणि त्याचे अनुमान वेगवेगळे नोंदविणे, हीच इतिहासलेखकाची जबाबदारी होय.