मांजरांचा रतीब
एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये, निकामी घोड्यांचे उकडलेले मांस काडीला टोचून दारोदार विकणारा जो फेरीवाला असे, आणि ज्याच्या व्यवसायाची तपशीलवार नोंद पत्रकार हेन्री मेह्यूने १८५१च्या सुमारास केली, त्याची ओळखीची हाळी ऐकताच मांजरे उंबरठ्यावर येऊन बसत. त्या रतिबाची नियमितता हेच त्या मुक्या जीवांचे खरे आरोग्य होते, असे मला मनापासून वाटते. कारण बिऱ्हाड बदलले किंवा घरात पाळणा हलला, की भयाने आतड्यांची गती बिघडून नाजूक प्रकृतीच्या मांजरास वांती नि हगवण लागू शकते, आणि त्यातच अन्न एकाएकी पालटले तर दुखणे बळावते. नवे अन्न जुन्यात थोडथोडे मिसळत ७ ते १० दिवसांत रुळवावे, हा आजच्या पशुवैद्यांचा दस्तूर. डबाबंद खाद्य आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती हाळी गल्ल्यांतून विरली.